‘लुक इनटू’ शिकवणारी बाई

मी इंग्लिश शिकवते. शाळेत नाही. हॉटेलांचे रिसेप्शनवाले, दवाखान्यांचे काउंटरवाले, सोसायट्यांच्या मेंटेनन्स ऑफिसातली माणसं, अशांना दोन-दोन दिवसांच्या बॅचमध्ये बसवायचं आणि समोरचा माणूस खवळलेला असताना त्याच्याशी काय बोलायचं ते शिकवायचं. वीस वर्षं नोएडापासून मानेसरपर्यंत हेच करत फिरते आहे. दुनियेला शांत राहायला शिकवणारी ही बाई स्वतः मात्र नाकावर राग घेऊन हिंडते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना म्हणजे बाबांना. आई गेल्यावर करोल बागेतलं घर सोडून ते माझ्याकडे नोएडाला आले. तेव्हापासून आम्ही दोघंच.

फ्रेझल व्हर्ब हा माझा हातखंडा तास. क्रियापद तेच, शेपूट बदललं की अर्थ बदलतो, त्यामुळे लोकांना मजा येते. एकट्या ‘लुक’वर मी तासभर बोलू शकते. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. लुक फॉर म्हणजे शोधणं. लुक इनटू म्हणजे गोष्टीच्या आत शिरून बघणं, चौकशी करणं, मुळाशी जाणं. अर्थ झाला की वापर. ‘वी आर लुकिंग इनटू इट.’ तक्रार आली की पंधरा मिनिटांच्या आत हे लिहून पाठवा. ‘वी विल’ म्हणू नका, ‘वी आर’ म्हणा, म्हणजे काम सुरू झालंय असं समोरच्याला वाटतं. वाटतं! हा शब्द मीच वापरायची, वर फळ्यावर दोन रेघा मारायची त्याच्याखाली. आधी उत्तर, मग काम, असंही सांगायची. आता ते आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन वर्षांपूर्वी हीच बॅच मी आमच्याच सोसायटीच्या मेंटेनन्स कंपनीसाठी घेतली. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, घरच्या चपला घालून गेले होते. त्यांना उत्तरांचा एक तक्ता हवा होता, तोही करून दिला. पाणी गेलं तर हे लिहा, पार्किंगवरून भांडण झालं तर हे लिहा, लिफ्ट बंद पडली तर हे लिहा. मॅनेजरने माझं फार कौतुक केलं. मी खूश होऊन लिफ्टने नवव्या मजल्यावर घरी आले आणि बाबांना म्हटलं, चला, आता आपल्या सोसायटीतली माणसं तरी धड बोलतील.

मागच्या वर्षी बाबांच्या किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. सकाळी सातला निघायचं, दुपारी साडेबाराच्या सुमारास परत. त्यांना चार पावलं टाकता येतात, पण नऊ मजले उतरणं शक्य नाही. आमच्या टॉवरला लिफ्ट दोन. त्यातली लहान कित्येक महिने ‘पार्ट येतोय’ म्हणून बंद होती. मोठीवर सगळा टॉवर चालायचा. डायलिसिस हा काही हौसेचा मामला नाही. एखादी पाळी चुकली तर कसंबसं निभावतं, पुढे पाणी फुप्फुसात चढतं, हे तिथल्या सिस्टरने पहिल्याच दिवशी आम्हाला नीट सांगितलं होतं. म्हणजे बाबांचं जगणं त्या एका लिफ्टला लटकलेलं होतं, आणि हे टॉवरमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी मोठी लिफ्ट बंद पडली. मी लगेच सोसायटीच्या अ‍ॅपवर तक्रार टाकली. घरात डायलिसिसचा पेशंट आहे, उद्या सकाळी सातला खाली उतरणं आवश्यक आहे, असं स्वच्छ लिहिलं. सात मिनिटांत उत्तर आलं. ‘डिअर रेसिडेंट, वी अंडरस्टँड युवर कन्सर्न. वी आर लुकिंग इनटू इट.’ आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. माझंच वाक्य, स्वल्पविरामासकट, आणि मला बरं वाटलं! वीस वर्षं खीर वाटणारी मी, स्वतः पहिल्यांदा चाखली आणि मिटक्या मारल्या.

संध्याकाळपर्यंत लिफ्ट जागची हलली नाही. मी पुन्हा तक्रार टाकली, पुन्हा तेच उत्तर. सोसायटीच्या ग्रुपवर आरडाओरडा सुरू झाला होता. ‘यार, ये क्या मजाक है,’ वगैरे. सेक्रेटरी प्रत्येकाला सांगत होते की इथे लिहू नका, अ‍ॅपवर तक्रार करा. लोकांनी केल्या. साठ-सत्तर घरांचा टॉवर, त्यातल्या निम्म्यांनी तरी केल्या असतील. प्रत्येकाला उत्तर मिळालं, तेही वेळेत.

मी बाबांना म्हटलं, “उद्या गार्डना सांगते. खुर्चीवरून उतरवतील तुम्हाला.”

“मी काय गोदरेजचं कपाट आहे?” बाबा म्हणाले.

“बाबा, चेष्टा नको. पाळी चुकवून चालणार नाही.”

“चुकवतोय कोण? शुक्रवारी करू. सेंटरला विचार जागा आहे का. आणि हे बघ, त्यांनी लेखी दिलंय ना? मग होईल.”

इथे बाबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर त्यांचा हट्ट कळणार नाही. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं फायली. आमच्या घरात चहासुद्धा ‘पुट अप’ व्हायचा. फाईल साहेबांपुढे ठेवणं म्हणजे पुट अप करणं, हा तिकडचा वापर, तो घरातही शिरला होता. आई वैतागून म्हणायची, अहो, मी बायको आहे, तुमची डीलिंग असिस्टंट नाही. तर या माणसाचा लेखी शब्दावर देवासारखा विश्वास. तोंडी बोलणं म्हणजे वारा. लिहिलं, की त्यामागे कुणीतरी सही करणारा आहे, त्याची मान अडकलेली आहे. बाबा स्वतः फायलीवर ‘मॅटर इज बीइंग लुक्ड इनटू’ लिहायचे, पण त्याखाली कोण बघतोय त्याचं नाव आणि कधीपर्यंत त्याची तारीख घातल्याशिवाय फाईल टेबलावरून हलू द्यायचे नाहीत. माझ्या मोबाइलवरचं ते उत्तर त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. नाव नव्हतं, तारीख नव्हती. तरी त्यांनी विश्वास ठेवला. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय.

आणि मी? मी तर त्या वाक्याच्या पोटातली माणूस. मला कळायला हवं होतं. पण नाही, मीही म्हटलं, चलो, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. सेंटरला फोन केला, शुक्रवारी दुपारी चारची जागा मिळाली. गुरुवारची पाळी आम्ही स्वतःच्या हाताने सोडली.

गुरुवारी दिवसभर लिफ्ट बंद. उत्तरं चालू. शुक्रवारी सकाळी बाबांच्या पायांना सूज दिसली. दुपारी दोन वाजता मी पायऱ्या उतरायला लागले तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. नऊ मजले उतरताना मी भाषण तयार करत होते. इंग्लिशमध्ये करू की हिंदीत, एवढाच प्रश्न होता.

मेंटेनन्स ऑफिसात हेल्पडेस्कवर एक बाई असते. तिशी-पस्तिशीची, बुलंदशहरकडची, नेहमी नीट प्रेस केलेला कुर्ता. माझ्या बॅचमध्ये पहिल्या रांगेत बसायची, सगळं वहीत उतरवून घ्यायची. मला बघून ती उठून उभी राहिली. “नमस्ते मॅम.”

“नमस्ते गेलं चुलीत,” मी चक्क मराठीत म्हणाले. मग हिंदीत ओरडले. तीन दिवस झाले, माझे वडील वर अडकलेत, मेकॅनिक कुठाय? लिफ्ट कंपनीला फोन कुणी केला, कधी केला, मला आत्ता सांगा.

ती बिचारी गोंधळली. “मॅम, आपकी तो कोई कंप्लेंट पेंडिंग नहीं है.”

“क्या?”

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. आमच्या टॉवरच्या लिफ्टच्या तक्रारींची यादी. वरपासून खालपर्यंत हिरवी. माझ्या पाचही तक्रारी हिरव्या. मी विचारलं, हिरवं म्हणजे काय? ती म्हणाली, हिरवं म्हणजे उत्तर दिलं. पंधरा मिनिटांत उत्तर गेलं नाही तर तक्रार लाल होते. लाल झालेल्या तक्रारी रोज सकाळी मॅनेजर साहेबांकडे जातात. साहेब तीन सोसायट्या बघतात, दुसऱ्या सेक्टरमध्ये बसतात. लाल यादी बघून ते पाण्याच्या, विजेच्या, लिफ्टच्या कंपन्यांना फोन करतात.

“और हरी वाली?”

“हरी वाली तो हो गई ना, मॅम.”

मी खुर्चीत बसले. तिने तीन दिवस एकही तक्रार लाल होऊ दिली नव्हती. जेवायला जातानासुद्धा फोन बरोबर नेत होती. टॉवरमधल्या माणसांनी जितक्या जास्त तक्रारी केल्या, तितकी तिने जास्त उत्तरं दिली, आणि तितकं सगळं हिरवंगार होत गेलं. साहेबांच्या यादीत आमची लिफ्ट आलीच नाही. तिला वाटत होतं साहेब बघताहेत. साहेबांना वाटत होतं सगळं ठीक चाललंय. लिफ्ट कंपनीला एकाही माणसाने फोन केलेला नव्हता. तीन दिवसांत एकानेही नाही. तिने जर आळस केला असता, माझ्या तक्रारीला उत्तरच दिलं नसतं, तर बाबा शुक्रवारी चारच्या पाळीला लिफ्टने खाली उतरले असते.

“मॅम, आपने ही कहा था,” ती हळूच म्हणाली. “पहले जवाब, फिर काम.”

“और काम कौन करेगा, ये नहीं पूछा तुमने?”

“आपने बताया नहीं था.”

उद्धटपणाने नाही बोलली. खरं तेच बोलली. मी खरंच सांगितलं नव्हतं. माझ्या तक्त्यात प्रत्येक तक्रारीपुढे काय लिहायचं ते होतं, आणि ‘मग काम’ यातलं काम कुणाचं, याला एक रकाना नव्हता. दोन दिवसांची बॅच, त्यात दोन वेळा चहा, समोसे, शेवटी सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, आणि हे मात्र राहिलं. शी! माझा राग कुठे ठेवू ते मला कळेना. तिच्यावर काढावा तर तिने मी शिकवलेला शब्दन् शब्द पाळला होता. इतकी गुणी विद्यार्थिनी मला वीस वर्षांत मिळाली नव्हती.

मी तिथेच बसून तिच्याकडून मॅनेजरला फोन लावून घेतला, आणि फोन स्वतः ओढून घेऊन त्या माणसाला असं काही सुनावलं की बाहेरचे दोन गार्ड आत डोकावले. त्याने लिफ्ट कंपनीला कळवलं. मेकॅनिक फरिदाबादला होता, शनिवारी दुपारी येतो म्हणाला. चारची जागा गेली. मी पुन्हा म्हटलं, बाबा, खुर्चीवरून चला. बाबा म्हणाले, आता मेकॅनिक येतोच आहे ना, मग उद्या दुपारी जाऊ की. आणि मी, त्यांची मुलगी, ऑफिसात जे कळलं त्यातलं एक अक्षर त्यांना बोलले नाही. नुसतं म्हटलं, मॅनेजर गाढव आहे. बाबांनी संध्याकाळभर मॅनेजरला शिव्या घातल्या आणि मी मान डोलावत राहिले. तेव्हा खरं सांगितलं असतं, तर त्यांचा त्या लेखी उत्तरावरचा विश्वास उडाला असता आणि ते कदाचित खुर्चीत बसायला तयार झाले असते. पण माझी जीभ उचलली नाही. लाज वाटली. बापाच्या जिवापेक्षा मला माझी लाज मोठी झाली, आहे तसं लिहिते.

शनिवारी सकाळी सहाला बाबांना आडवं होता येईना. बसून, पुढे वाकून, तोंडाने श्वास घेत होते. ओठ काळपट. मी जिन्यात उभी राहून जीव खाऊन हाका मारल्या. दोन गार्ड धावत वर आले, आठव्या मजल्यावरचे गृहस्थ आले. गार्डच्या केबिनमधली प्लॅस्टिकची खुर्ची आणली. डाव्या हाताला धरू नका, त्या हातातच डायलिसिसची सुई लागते, असं मी ओरडत होते. बाबांना बसवलं, माझ्या दोन ओढण्यांनी खुर्चीला बांधलं. दोघांनी वरून, एकाने खालून. जो खालून होता, त्या गार्डच्या अंगावर सगळा भार. पन्नाशीचा असेल, अलिगढकडचा, मिशा पिकलेल्या. तो पाठमोरा एकेक पायरी उतरत होता आणि बाबांना म्हणत होता, “बस अंकलजी, आ गए, बिल्कुल आ गए.” नऊ मजले हेच. ‘मी काय गोदरेजचं कपाट आहे’ म्हणणाऱ्या बाबांची मान आता छातीवर लोंबत होती. मी मागून चपला हातात घेऊन उतरत होते, आणि मोठमोठ्याने रडत होते.

बाबा वाचले. तातडीने डायलिसिस झालं, दोन रात्री आयसीयू, एकूण पाच दिवस दवाखान्यात. शनिवारीच दुपारी लिफ्ट सुरू झाली. कसलीशी एक वायर जळली होती. मेकॅनिकने पाऊण तासात बदलली म्हणे. पाऊण तास! अ‍ॅपवर संदेश आला की तुमची तक्रार सोडवली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल. मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. फोन भिंतीवर आपटायचा तेवढा बाकी ठेवला.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी बाबांना सगळं सांगितलं. हिरव्या रंगाचं, माझ्या तक्त्याचं, शुक्रवारी मला कळलं होतं आणि मी गप्प बसले त्याचं. मनात कुठेतरी होतं की ते म्हणतील, जाऊ दे गं, तुझा काय दोष. आमच्याकडे बाप असंच म्हणतात. मी माफी मागितली, रडलेसुद्धा.

बाबांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, “ज्या गार्डने मला खालून धरलं, तो दिसला नाही काल गेटवर. दुसऱ्याला विचारलं मी. त्याची कंबर धरलीये. सहा दिवस अंथरुणात आहे म्हणे. तू गेली होतीस?”

मी नाही म्हटलं. मला ठाऊकच नव्हतं. मी मॅनेजरला तीन पानी मेल लिहिला होता, सेक्रेटरीशी भांडले होते, ग्रुपवर सगळ्यांची सालटी काढली होती. त्या माणसाची मला एकदाही आठवण झाली नव्हती.

“मग माझ्यापुढे काय रडतेस?” बाबांचा आवाज चढला. इतका चढलेला मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. “मी बसलोय इथे, चहा पितोय. ऊठ आधी. जा.”

गार्ड आमच्या सेक्टरच्या मागच्या गावात राहतो. अरुंद गल्ली, एकावर एक खोल्या, खाली म्हशी. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गल्लीत शिरले, घरापासून दहा मिनिटांवर. तो खाटेवर कुशीवर पडला होता. मला बघून उठायला लागला आणि तोंड वेडंवाकडं करून पुन्हा पडला. त्याच्या बायकोने स्टूल पुसून पुढे केलं. त्याने पहिलं विचारलं ते बाबांचं. “अंकलजी ठीक हैं?”

मी हो म्हटलं. डॉक्टरला दाखवलं का, असं विचारलं. तो म्हणाला, गार्ड एजन्सीला फोन केला होता, दोनदा. विम्याचं कार्ड त्यांच्याकडे अडकलंय, ते मिळालं की दाखवीन.

“क्या बोले एजन्सी वाले?”

“बोले, दिखवाते हैं.”

बायको दाराशी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. ती कशाची वाट बघते आहे ते मला कळत होतं. कुणीतरी मोठ्या घरातलं आलंय, आता काहीतरी म्हणेल. आणि माझ्या जिभेवर आलंही होतं. वीस वर्षं पॉलिश केलेलं, गोड आवाजातलं, पंधरा मिनिटांच्या आत द्यायचं. मैं देखती हूँ, भैया. मी ते दातांखाली धरलं. त्या वाक्याचा आला तितका राग मला त्या मॅनेजरचाही आला नव्हता.

“चला,” मी म्हणाले. मराठीतच निघालं तोंडून. मग हिंदीत म्हटलं, गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी आहे, डॉक्टरकडे जायचंय.

तो कसंनुसं हसला. “अभी, मॅडम?”

“अभी.”

त्याच्या बायकोने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. दाराबाहेर तीन पायऱ्या होत्या. तिसऱ्या पायरीवर तो कण्हला, तेव्हा बायको त्याला म्हणाली, बस, आ गए.